बाटलीवर न लिहिलेलं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे राहू दे. तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून कागद पेन घेऊन बसले आहे. अक्षराला हसू नकोस.

आज सकाळी साडेदहाला औषध निरीक्षक आले. सोबत दोन माणसं, हातात मेणाच्या सीलचं सामान. मी समजले परवान्याचं नूतनीकरण असेल, म्हणून खुर्च्या पुसल्या, चहाचं विचारलं. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, तुमच्या कॅप्सूलमध्ये पेनकिलर सापडलंय."

मी हसले. खरंच हसले गं. म्हटलं, "साहेब, पत्ता चुकला तुमचा. आमच्याकडे सुंठ, बडीशेप आणि दालचिनी. चौथी वस्तू या घरात मिठाच्या डब्यात असेल, नाहीतर साखरेच्या." त्यांनी प्रयोगशाळेचा कागद समोर धरला. एक नाही, तीन वेगवेगळ्या घाण्यांच्या बाटल्या तपासल्यात त्यांनी. तिन्हींत तेच. खाली पेनकिलरचं नाव होतं. ते वाचलं आणि मी भिंत धरली.

झालं असं, की कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या पोटात व्रण होऊन रक्त गेलं. वय एकवीस. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या घेतेस? ती म्हणाली, गोळ्या नाहीत, पाळीत पोट दुखतं म्हणून नैसर्गिक कॅप्सूल घेते फक्त. डॉक्टर चिवट निघाले. बाटली मागवली आणि तपासायला पाठवली. मुलगी आता बरी आहे म्हणे. मी तीनदा विचारलं.

कॅप्सूल करायच्या दोन्ही खोल्यांना सील लागलं. दळणयंत्र, चाळण्या, कॅप्सूल भरायची शंभर भोकांची पाटी, लेबलांची बंडलं, सगळं आत. लेबल लावणाऱ्या काकू रडत घरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही काही मिसळलं नाही ना हो?" चार वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाणारी बाई, तिनं हे विचारलं!

आता स्पष्टच विचारते. निरीक्षकांचे कान तू भरलेस का? राग मानू नकोस, मला दुसरं कुणी सुचत नाही. दोन वर्षांपूर्वी 'शंभर टक्के नैसर्गिक, कसलाही अपाय नाही' या लेबलावरून तू भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "अपाय नाही असं पाण्याबद्दलसुद्धा लिहू नये." आणि मी म्हणाले, तुला माझं चांगलं चाललेलं बघवत नाही. त्या दिवशी तू ॲप्रन काढून ठेवलास तो ठेवलासच. शाळेतल्या गणितासारखं तुला सगळीकडे उत्तर पडताळून हवं असतं. पण म्हणून असा सूड घेशील असं वाटत नाही. मग कोण? माझ्या मालात कुणी काय घातलं? बाजारातल्या सुंठीतच भेसळ असेल का? डोकं चालेनासं झालंय.

बाबा शांत आहेत. निरीक्षक गेल्यावर म्हणाले, "होतात चुका प्रयोगशाळेच्या." आणि आंघोळीला गेले. या वयात माणूस एवढा शांत राहू शकतो याचंच मला आश्चर्य वाटलं.

तुझ्या पोरीला, भिंगरीला जप. आणि तू विचारायच्या आधीच सांगते, तू बजावल्यापासून तिला मी एकही बाटली दिलेली नाही.

धाकटी


५ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

पहिलं पत्र मिळालं असेल तर त्यातलं सुडाचं वाक्य खोडून टाक. मी तुझी माफी मागते. नीट मागते, तोंडदेखली नाही.

बाबांनी मिसळलं.

हे दोन शब्द लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत आले. अजून खरं वाटत नाही.

आज सकाळी त्यांच्या खोलीत गेले होते. जबाबाच्या कागदावर त्यांचीही सही लागते, शेवटचं मिश्रण तेच करायचे ना. आठवतं तुला, सकाळी आपण यायच्या आधी दार लावून, पंखा बंद करून, त्यांचा तो दवाखान्यातला पांढरा खल घेऊन बसायचे? पूड उडते म्हणून कुणी आत यायचं नाही. आपण कौतुकानं सांगायचो सगळ्यांना, की कंपाउंडरचा हात आहे, मिश्रणात काडीचा फरक पडत नाही.

मी म्हटलं, "बाबा, प्रयोगशाळेनं चूक केली असं लिहून द्यायचं ना?" त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "प्रयोगशाळा बरोबर आहे."

मी दार लावून घेतलं.

"शंभराच्या पाटीला वीस गोळ्या," ते म्हणाले. "जास्त नाही. कुटून, वस्त्रगाळ करून. ओळखीच्या मेडिकलमधून आणायचो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या घाण्यापासून."

ताई, तिसरा घाणा! म्हणजे तू होतीस तेव्हापासून. पहिल्या दोन घाण्यांच्या वेळी मुली बाटल्या परत आणून देत होत्या, वास छान आहे पण पोट थांबत नाही म्हणत होत्या. ती शिकाऊ नर्स आपल्या पायरीवर पोट दाबून बसली होती आणि बाबा तिला पाणी द्यायला उठले होते. आणि मग तिसऱ्या घाण्यानंतर तीच पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करून आली, सोबत चार मैत्रिणी घेऊन. आपण दोघी रस्त्यात उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो होतो. तू मला मिठी मारलीस. तुला मिठ्या मारायची सवय नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. आपल्याला वाटलं, दालचिनीचं प्रमाण जमलं!

मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल एवढी ओरडले. हे काय केलंत, का केलंत, मला का नाही सांगितलंत? त्यांना माझ्या ओरडण्याचाच धक्का बसलेला दिसला. म्हणाले, "चाळीस वर्षं पुड्या बांधल्या मी. डॉक्टर वरून गोड, कडू, लाल, हिरवं काहीही लिहायचे. पण पुडीत काम करणारं एक असायचंच, आणि ते घालणं माझं काम. ते कधी बोलायचे नाहीत, मी कधी विचारायचो नाही. पोरी रडत येतात. त्यांना नुसता वास देऊन परत पाठवायचं? ती फसवणूक नाही का?"

त्यांच्या मते फसवणूक आपण करत होतो, आणि ते ती निस्तरत होते. वर म्हणतात, "मला वाटलं तुम्हाला कळलं असेल. दवाखान्यात कुणी असं तोंडानं सांगत नसतं."

त्यांना पश्चात्ताप नाही असं मी म्हणणार नाही. त्या व्रणाच्या मुलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पण आतून त्यांना अजूनही वाटतंय की आपण भलं केलं. आपला बाप! ज्यानं कधी दुधात पाणी चालवून घेतलं नाही, तो माणूस. चार वर्षं लोक माझे हात हातात घेऊन आभार मानत होते आणि मी ते घेत होते.

उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

धाकटी


६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर यायची वाट न बघता हे लिहिते आहे, कारण उत्तर आलं तर मला हे लिहायचा धीर होणार नाही. उभी असशील तर बस.

मंगळवारी मी तुला खोटं लिहिलं. मी भिंगरीला बाटल्या पाठवत होते. तू बजावल्यानंतरही. दोन वर्षं, दर महिन्याला एक, कधी दोन.

आधी एवढं वाच: आता तिच्याजवळ एकही नाही. मंगळवारी निरीक्षक दारात उभे असतानाच मी मागच्या बाजूला जाऊन ती आता कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात फोन केला. म्हटलं, असतील तेवढ्या कॅप्सूल आत्ताच्या आत्ता टाक, एकही तोंडात घालू नकोस. तिनं मैत्रिणीसमोर नळाखाली रिकाम्या केल्या आणि मला रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवला. मग विचारलं, "मावशी, काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आईला मी सांगते. तू नको सांगूस." तीन दिवस झाले. तिनं सांगितलं नाही, काल तिचाच फोन आला की तोंड उघडत नाही. म्हणून मी सांगते.

तुला आठवण करून द्यायला नको. आठ वर्षांची होती, ताप होता, बाबांनी साधी गोळी दिली आणि अर्ध्या तासात पोर निळी पडली. तिला उचलून अनवाणी धावत गेले होते ते. डॉक्टर म्हणाले, दम्याच्या या मुलीला त्या कुळातली एकही गोळी चालणार नाही, आयुष्यभर. बाबांनी मोठ्या अक्षरात यादी लिहून कपाटाच्या दाराला लावली. आपल्या घरात ती यादी सगळ्यांना पाठ आहे. मंगळवारी निरीक्षकांच्या कागदावर जे नाव होतं, ते त्या यादीत वरून दुसरं आहे.

म्हणून मी भिंत धरली होती.

ती मला सतराव्या वर्षापासून सांगत आली, मावशी, पोटात कुणी पिळे घालतंय असं होतं, बाकीच्या मुली गोळी घेऊन वर्गात बसतात, मला गोळी चालत नाही, मी काय करू? मी म्हणाले, माझ्या कॅप्सूल घे, हे काही औषध नाही, झाडपाला आहे. तुला चाललं असतं की नसतं हा विचारच मी केला नाही. उलट मला आनंद झाला. तुझी मुलगी तुझ्यामुळे नाही, माझ्या बाटलीनं बरी होते, याचा आनंद झाला. एवढी कोती आहे मी.

आता तिचे दम्याचे झटके आठव. दर महिन्याला. तुमचे छातीचे डॉक्टर म्हणाले, काही मुलींचा दमा पाळीच्या दिवसांत वाढतो, शिवाय बेकरीच्या कोर्समध्ये दिवसभर पिठात उभी असते. तू म्हणालीस, "पाळी बंद करता येत नाही, पीठ बंद करता येतं." आणि कोर्समधून तिला काढून घेतलंस. हाताला यश होतं त्या पोरीच्या. तिचा पाव खाऊन तिचे सर वर्ग मध्येच थांबवून सगळ्यांना दाखवायचे. पीठ सुटलं तरी दमा सुटला नाही, तेव्हा तू उशा बदलल्यास, पडदे काढलेस, शेजारच्यांच्या मांजरीवरून भांडलीस. सगळ्या घरभर शोधलंस तू, ताई. आणि ती वस्तू मी कुरिअरनं पाठवत होते.

ऑगस्टमध्ये ती तीन दिवस ऑक्सिजनवर होती, तेव्हा तू मला वॉर्डच्या दारातून परत पाठवलंस. पण मी गेले नव्हते. तू खाली औषधं आणायला उतरलीस आणि नर्सनं मला पाच मिनिटं आत सोडलं. भिंगरीला बोलता येत नव्हतं, तिनं माझं बोट धरलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

आणि निघताना तिच्या उशीखाली एक बाटली ठेवली.

मी याहून जास्त आज लिहू शकत नाही.

धाकटी


९ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. "बाबांना माहीत आहे का? त्यांना तू सांग." बरं. काल दुपारी सांगितलं.

ते आजच्या जबाबासाठी शर्टाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, "बाबा, भिंगरी पण घेत होती." त्यांनी आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लग काढला, इस्त्री उभी ठेवली. त्यांची शिस्त तुला माहीत आहे. मग विचारलं, "काय घेत होती?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी सांगितलं.

"किती?"

"दिवसाला सहा. दर महिन्याला तीन दिवस."

"कोणी दिल्या?"

"मी."

ते पलंगावर बसले. बराच वेळ उजव्या हाताकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला विचारायला सांगितलं होतं ना प्रत्येकीला? दमा आहे का म्हणून?"

तेवढंच. त्यानंतर ते कालपासून एक अक्षर बोललेले नाहीत. आज जबाब देताना पण निरीक्षकांना लिहूनच दिलं, की मिसळणारा मी एकटा, मुलींना काही माहीत नव्हतं. निरीक्षकांनी ते वाचून माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "ते खरं नाही, साहेब. मोठीला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं." त्यांनी मला वेगळा कागद दिला. त्यावर जे लिहिलं ते तुलाही लिहिते, कारण तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

बाबा गल्ल्यावरच्या भिंतीला दोन प्रश्न लिहून चिकटवायचे. दमा आहे का? पोटात जळजळ होते का? प्रत्येक नव्या मुलीला विचारल्याशिवाय बाटली द्यायची नाही, असा त्यांचा हट्ट. तू होतीस तोवर विचारत होतीस. मी हसायचे, सुंठीला काय दम्याचं विचारायचं? कुरिअरनं माल जायला लागला तेव्हा मी तो कागद काढून टाकला. काढताना क्षणभर मनात आलं होतं, झाडपाल्यासाठी बाबांना हे प्रश्न कशाला लागतात? आलं आणि मी ते झटकलं.

दुसरं. दीड वर्षापूर्वी केराच्या बादलीत, दालचिनीच्या सालपटांखाली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दिसल्या. पाचसहा असतील. मी त्या वर काढल्या, नाव वाचलं नाही. वाचलं नाही, हे लिहायला मला फार लाज वाटते. वाचायला डोळ्यांना काही झालं नव्हतं. बाबांचे गुडघे दुखत असतील असं स्वतःला सांगितलं आणि बादलीवर झाकण ठेवलं. त्या आठवड्यात तीन कॉलेजांच्या वसतिगृहांतून मागणी आली होती. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

आणि तिसरं, भिंगरीचं. जूनमध्ये तिनं मला मेसेज केला होता. माझ्या फोनमध्ये अजून आहे, पुसायची हिंमत झाली नाही, शब्दाला शब्द उतरवते: "मावशी, कॅप्सूल घेतल्यावर पोट थांबतं पण तासाभरात छाती भरल्यासारखी होते. त्यात काही नसेल ना?"

मी उत्तर दिलं: "वेडी आहेस का? सुंठ आहे ती. दिवसभर पिठात उभी राहतेस, ते बघ आधी."

पीठ हा शब्द आधी माझ्या तोंडातून निघाला, ताई. तिनं तो तुला सांगितला, तू डॉक्टरांना विचारलास, डॉक्टर म्हणाले असू शकतं. मग ऑगस्ट झाला.

कालपासून मी आणि काकू वहीतल्या एकेका मुलीला फोन करतोय. काकू परत आल्या, आपणहून. मी प्रत्येकीला तेच सांगते, बाटलीत पेनकिलर होतं, आमची चूक, घेणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. काही शिव्या देतात, ते बरं वाटतं. पण आज एकीनं विचारलं, "म्हणजे ते बंद करणार तुम्ही?" म्हटलं, हो. तर म्हणाली, "मग उरलेल्या दोन बाटल्या मी जपून ठेवते." सांगितलं की यानं एका मुलीच्या पोटात रक्तस्राव झालाय. ती म्हणाली, "ताई, महिन्यातून दोन दिवस मी कामावर उभी राहू शकले तुमच्यामुळे. तुम्ही फोन ठेवा." आणि तिनंच ठेवला.

भिंगरीच्या बेकरीच्या सरांना मी प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत आणि सहीचं पत्र पाठवलं आहे, की दोष पिठाचा नव्हता. ते तिला परत घेतील की नाही ठाऊक नाही. तू नको म्हणशील तर तो तुझा अधिकार आहे.

धाकटी


१४ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

परवा तू आलीस. दोन वर्षांनी उंबऱ्याच्या आत आलीस आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, सरळ बाबांच्या खोलीत गेलीस. बरोबर केलंस. दाराआडून तुझा आवाज येत होता. त्यांचा येत नव्हता. मग एकदा आला, आणि तो रडण्याचा होता. मी बापाला रडताना कधी ऐकलं नव्हतं, तूही नसशील. त्या खोलीत काय झालं ते मी विचारणार नाही.

पण तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात मी आणि भिंगरी होतो. तिथे काय झालं ते तुला कळायलाच हवं, म्हणून हे पत्र काकूंच्या हाती आजच पाठवते आहे. आता माझा नंबर चालू केलास हे मला दिसलं, तरी हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

ती ओट्याला टेकून उभी होती. वाळली आहे गं. मी तिच्या पाया पडायला वाकले, खरंच वाकले, तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं. म्हणाली, "मावशी, नाटक नको. मला एक सांग. अठराला माझी तारीख आहे. काय घेऊ?"

चार वर्षं हजार मुलींना मी या एकाच प्रश्नाचं उत्तर विकलं. म्हटलं, गरम पाण्याची पिशवी... तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "पिशवीनं भाजतं, थांबत नाही. डाग आहेत माझ्या पोटावर, दाखवू?"

आणि दाखवले. ताई, तू बघितलेस का ते? तपकिरी, जाळीसारखे, बेंबीच्या खाली सगळीकडे. रोज इतकी गरम पिशवी धरत होती. कॅप्सूलचा असर ओसरला की पिशवी, पिशवी गार झाली की कॅप्सूल.

मी विचारलं, "रोज? पाळी नसताना पण?"

तिनं उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आत दोन बोटं दाबली. म्हणाली, "इथे. दीड वर्ष झालं. पाळी नसली तरी. बसताना, शी करताना, कधी पायात उतरतं. सगळ्यांना एवढं दुखतं का, मावशी? मला वाटायचं मीच नाजूक आहे."

मी म्हटलं, "नाही गं, बाळा. सगळ्यांना एवढं नाही दुखत."

तिचा चेहरा बघायला हवा होतास. इतकी दचकली, की जणू मंगळवारी फोनवर सांगितलेलं काहीच नव्हतं. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. तिला हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "मग कुणाला बोलली का नाहीस तू?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तुलाच सांगितलं होतं. गेल्या वर्षी, पाळी संपल्यावरही दुखतंय म्हणून. तू दोन बाटल्या जास्त पाठवल्यास."

मला ते आठवतच नव्हतं. ती घरी गेल्यावर फोनमध्ये शोधलं. आहे. तिचा मेसेज आहे, आणि खाली माझं उत्तर आहे: "पाठवल्या. पाळीनंतर पण घेत जा." पुढे एक हसरं तोंड.

सोमवारी सकाळी अकराला स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, तुझ्या नावावर. पत्ता मागे लिहिला आहे. मी येणार नाही, भिंगरीला मी तिथे नको आहे, तिनं तसं सांगितलं. डॉक्टर विचारतील की कुठे दुखतं, कधीपासून, काय काय घेतलं आणि ते कुणी दिलं. ती लाजेल, अर्धं गिळेल, आणि तू रागानं बोलू शकणार नाहीस. म्हणून हे पत्र मी तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहिलं आहे. माझं नाव, पत्ता, फोन वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडते आहे.

हेच पत्र डॉक्टरांना वाचायला दे.

धाकटी